हूल आणि चाहूल

चेहरा पाहून माणूस ओळखता येतो, असे ठामपणे सांगणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक कुटुंबात असते. बहुधा ती वयाने मोठी असते आणि तिचे चार अंदाज कधीकाळी बरोबर आलेले असतात. चुकलेले अंदाज कोणी टिपून ठेवीत नसल्यामुळे तिची ख्याती पुढे अबाधित राहते. दारावर येणाऱ्या भाजीवाल्यापासून मुलीला सांगून आलेल्या स्थळापर्यंत सर्वांची परीक्षा मग एका दृष्टिक्षेपात उरकली जाते. या विद्येची खरी कसोटी कोठे लागत असेल, असा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस पडला होता. विचार करता असे दिसले, की ती पत्त्यांच्या डावात लागते. कारण तेथे प्रत्येक अंदाजाची किंमत जागच्या जागी मोजावी लागते आणि चुकलेला अंदाज विसरण्याची सोय नसते.

श्रावण लागला की आमच्या गुजरातेत पत्त्यांचे डाव रंगू लागतात. जन्माष्टमीच्या आसपास तर तीन पत्तीला ऊत येतो. पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यास राहिलेल्या मराठी घरांतही ही हवा शिरल्यावाचून कशी राहील? पैसे लावणे वडीलधाऱ्यांना मान्य नसल्यामुळे आमच्या घरी चिंचोके लावीत. मुलांचा खेळ ‘चॅलेंज’चा. पाने पालथी टाकायची आणि ‘तीन राण्या’ असे तोंडाने सांगायचे. कोणास संशय आला तर त्याने ‘चॅलेंज’ म्हणून ती उताणी करून पाहायची. खोटे निघाले तर टाकणाऱ्याने सारा ढीग उचलायचा, खरे निघाले तर शंका घेणाऱ्याने. खोटे बोलण्यास आणि खोटे पकडण्यास सारखीच शिक्षा आणि सारखेच बक्षीस असणारा इतका न्यायी खेळ आमच्या पाहण्यात दुसरा नाही. मोठ्यांची तीन पत्ती ही ‘ब्रॅग’ नावाच्या इंग्रजी खेळाची लेक. ब्रॅग म्हणजे फुशारकी. नावातच सारे आले.

पोकर हा याच वृत्तीचा खेळ. तो वाढला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत, मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून आणि तिच्या काठच्या गावांतून. त्याचा आज सर्वांत लोकप्रिय असलेला प्रकार सोपा आहे. प्रत्येकास दोन पाने पालथी मिळतात. मध्ये सर्वांसाठी पाच पाने उताणी मांडली जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. हातातली दोन आणि मधली पाच मिळून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर बोली वाढत जाते आणि ज्याला ती झेपत नाही तो पाने टाकून बाहेर पडतो. बाकीचे सगळे बाहेर पडले तर उरलेल्यास पाने दाखवावीच लागत नाहीत, ढीग त्याचा. खेळाची सारी गंमत आणि सारा धोका या एका नियमात साठलेला आहे. हातात काही नसतानाही भारी बोली लावून समोरच्यास घाबरवून बाहेर काढता येते. हुतुतूच्या मैदानात चढाई करणारा गडी एका अंगाला हूल देतो आणि दुसऱ्या अंगाने हात मारतो. तीच ही हूल, फक्त बसून दिलेली.

हूल देणे हा या खेळात अप्रामाणिकपणा समजला जात नाही. तो खेळाचा कणाच आहे. जॉन फॉन नॉयमन या मूळच्या हंगेरियन गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या गणिती सिद्धांताचा पाया घातला आणि ओस्कार मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर १९४४ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात पोकरच्या हुलीचा रीतसर विचार आहे. हूल देण्याचे हेतू दोन. एक तर दुबळ्या पानांवर सबळतेचा आभास निर्माण करणे. दुसरा हेतू अधिक खोल आहे. जो कधीच हूल देत नाही, त्याने बोली वाढवली की सगळे समजतात, याची पाने खरोखरच भारी आहेत. मग कोणी त्याच्यापुढे टिकत नाही आणि भारी पानांवरही त्याला चार चिंचोक्यांपलीकडे काही मिळत नाही. अधूनमधून खोटे बोलणाऱ्याच्याच खऱ्याला येथे किंमत येते. नीतिशास्त्राच्या दृष्टीने हे विचित्र खरे, पण गणित असे सांगते.

जेथे हूल आली, तेथे ती ओळखण्याची धडपडही आलीच. पाने दिसत नाहीत, पण पाने धरणारा दिसतो. त्याचा श्वास, त्याची बोटे, त्याची नजर नकळत काही सांगून जाते. या नकळत मिळणाऱ्या सूचनेला आम्ही चाहूल म्हणतो. अमेरिकेतील माइक कॅरो या खेळाडूने १९८४ साली अशा चाहुलींवर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यातले मुख्य सूत्र असे, की खेळाडू सहसा आपल्या स्थितीच्या उलट सोंग करतो. पाने दुबळी असली की तो बळाचा आव आणतो, बोली आपटून टाकतो, समोरच्याकडे रोखून पाहतो. पाने भारी असली की उसासा सोडतो, खांदे पाडतो आणि खिडकीबाहेर पाहू लागतो. म्हणून रोखून पाहणाऱ्यास भ्यायचे नाही. दुसरीकडे पाहणाऱ्यापासून सावध राहायचे.

पण याच पुस्तकातली दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटली. बोली लावताना एखाद्याचे हात एकाएकी कापू लागले, तर नवखा मनुष्य म्हणतो, ‘सापडला! हा खोटे बोलतो आहे.’ कॅरोचा अनुभव याच्या उलट आहे. हूल देणारा स्वतःस आवळून धरतो, श्वासदेखील रोखतो. हात कापतात ते बहुधा अतिशय भारी पाने आलेल्याचे, कारण मनावरचा ताण एकदम सुटलेला असतो. ज्याला आपण भीती समजलो, तो आनंद असतो.

हे वाचताना आम्हांला भरतमुनींची आठवण झाली. नाट्यशास्त्रात त्यांनी आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग पालटणे, अश्रू आणि प्रलय. हे भाव मन एकाग्र झाल्यावाचून अंगावर उमटत नाहीत, म्हणून नटाला ते साधणे सर्वांत अवघड. पोकरच्या टेबलाभोवती बसलेले लोक एकमेकांच्या अंगावर शोधीत असतात ते हेच आठ भाव. मात्र मुनी तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रत्येक भावाची कारणे त्यांनी अनेक दिली. कंप कशाने होतो? थंडीने, भयाने, हर्षाने, रागाने, स्पर्शाने आणि म्हातारपणाने. अंग कापले एवढे दिसते. सहांपैकी कोणत्या कारणाने कापले, ते अंग सांगत नाही.

याच्या शेजारी कौटिल्याचे अर्थशास्त्र ठेवून पाहावे. राजाच्या रक्षणाच्या प्रकरणात विष घालणाऱ्याची लक्षणे दिली आहेत: तोंड सुकणे आणि काळवंडणे, बोलताना अडखळणे, इकडेतिकडे पाहणे, घाम, जांभई, कंप, एका जागी न ठरणे. राजाच्या जिवाची काळजी वाहणाऱ्याने संशयास धार लावून ठेवणे स्वाभाविक आहे. तरीही आमच्या मनात येते, की राजापुढे उभ्या केलेल्या निरपराध आचाऱ्याचे तोंड कोणते ओले राहत असेल? मुत्सद्द्याने लक्षणावरून अपराधी शोधला आणि नाट्याचार्याने लक्षणाची सहा कारणे मोजली. पत्त्यांच्या डावात कॅरोचा कौल नाट्याचार्यांच्या बाजूने पडतो.

आता कोणी म्हणेल, की हे शास्त्र जुने झाले. आजचे मानसशास्त्र काय म्हणते? तर २००६ साली चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. समोरचा खरे बोलतो की खोटे, हे नुसते पाहून-ऐकून सांगणाऱ्यांचे उत्तर सरासरीने शंभरात ५४ वेळा बरोबर आले. नाणे उडवून सांगितले असते तर ५० वेळा आले असते. एवढ्या मोठ्या मनुष्यजातीच्या एवढ्या प्राचीन विद्येची मिळकत शेकडा चार! संशय घेणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, अशा मंडळींनाही इतरांहून अधिक यश मिळालेले नव्हते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेला मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग तर थेट पोकरवरचाच आहे. जागतिक स्पर्धेतील व्यावसायिक खेळाडू बोली लावतानाच्या छोट्या चित्रफिती त्यांनी पोकर फारसे न खेळलेल्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. काहींना फक्त खेळाडूचा चेहरा दिसत होता आणि काहींना फक्त त्याचे हात. पाने किती भारी असतील, हे त्यांनी सांगायचे होते. चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज नुसत्या योगायोगाहूनही किंचित वाईट निघाले, कारण मुरलेल्या खेळाडूचा चेहरा हे त्याने मुद्दाम रचलेले सोंग असते. हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र थोडेफार जुळले. पाने चांगली असली की चिप्स पुढे सरकवणारा हात सहज, न अडखळता जातो. माणूस तोंडावर पहारा ठेवतो आणि हातांना विसरतो.

पण समजा, चाहूल अचूक लागली. तेवढ्याने डाव जिंकला का? २००३ सालची लास वेगासची जागतिक स्पर्धा याचे उत्तर देते. ८३९ खेळाडूंतून शेवटी दोघे उरले. एक सॅमी फारहा, मुरलेला व्यावसायिक. दुसरा ख्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातील एक हिशेबनीस, संगणकावरच्या स्वस्त पात्रता-स्पर्धेतून तेथवर पोचलेला. (आडनाव त्याचे स्वतःचेच, आम्ही रचलेले नाही.) एका डावात फारहाजवळ नव्वीची जोडी होती. मनीमेकरला इस्पिकची पाच पाने जुळण्याची आशा होती, पण शेवटचे पान बदामाचे पडले आणि त्याच्या हातात काहीच उरले नाही. त्याने आपल्या सर्व चिप्स पुढे केल्या आणि गडद चष्म्याआड निश्चल बसून राहिला. फारहाने त्याला निरखले आणि मोठ्याने विचारलेही, की तुझा रंग जुळायचा राहिला ना? अंदाज अक्षरशः खरा होता. उत्तर आले नाही. फारहाने आणखी थोडा विचार केला आणि जिंकणारी पाने टाकून दिली. पुढे स्पर्धा मनीमेकरने जिंकली आणि २५ लाख डॉलरांचे पारितोषिक घरी नेले. फारहाला चाहूल लागली होती. पण लागलेल्या चाहुलीवर सर्वस्व लावण्याइतका विश्वास बसणे ही निराळी गोष्ट आहे.

आणि २०१७ साली या साऱ्या विद्येला आणखी एक धक्का बसला. पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठातील तुओमास सँडहोम आणि नोअम ब्राउन यांनी तयार केलेल्या ‘लिब्राटस’ नावाच्या संगणक-प्रणालीने चार नामांकित व्यावसायिकांशी एकास एक असे वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवले. या यंत्राने कोणाचा चेहरा पाहिला नाही आणि त्याला स्वतःला चेहरा नव्हता. तरीही ते हूल देत होते, आणि योग्य प्रमाणात देत होते. फॉन नॉयमनचे गणितच जणू खेळायला बसले होते. पोकर जिंकण्यास माणूस ओळखता येण्याची गरज नाही, असा याचा अर्थ. मग माणूस ओळखण्याच्या विद्येचे खरे काम कोठे आहे?

ते डावाबाहेर आहे, आणि तेथे चुकीचा भुर्दंड फार मोठा आहे. खोटे पकडणारे म्हणून जे यंत्र प्रसिद्ध आहे, ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम एवढेच मोजते. म्हणजे भरतमुनींच्या यादीतलेच काही. घाम भीतीचा की अपराधाचा, हे यंत्रालाही कळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात असा निर्णय दिला, की आरोपीच्या संमतीवाचून ही परीक्षा लादता येणार नाही. त्या निर्णयाचे कायदेशीर आधार निराळे आहेत. पण ज्याच्या हाताला कंप सुटला आहे, त्याला ‘का’ हे आपल्या तोंडाने सांगण्याचा किंवा न सांगण्याचा अधिकार आहे, ही त्यामागची जाणीव आम्हांला फार मोठी वाटते.

घरात तर न्यायालय नसते, वकीलही नसतो. तेथे चाहूल कशी घ्यावी, हे आम्ही आमच्या आईकडून पाहिले.

आमचे वडील, त्यांना सर्वजण अण्णा म्हणत, पत्त्यांत हमखास पकडले जात. पाने चांगली आली की ते अबोल होत आणि पानांच्या कडा गादीवर ठोकून सारख्या करीत. हूल द्यायची असली की तोंडात सुपारी असतानाच अडकित्ता मागत. आम्ही भावंडे ‘अडकित्ता आला’ म्हणून एकमेकांस खुणावीत असू. आई हे सारे पाही आणि मुकाट्याने आपली पाने ठेवून देई. त्यांची गुपिते तिने कधी उघड केली नाहीत.

१९८३ च्या पावसाळ्यात अण्णांचा आवाज बसला आणि दोन महिने झाले तरी सुटेना. श्रावणात एके दिवशी ते डॉक्टरांकडे तपासणीचा निष्कर्ष आणावयास गेले आणि परत आले ते हातात लीलो चिवड्याचा पुडा घेऊनच. ‘काही विशेष नाही, घशाला विश्रांती हवी म्हणाले,’ एवढे सांगून त्यांनी पत्ते मागवले. त्या रात्री ते विलक्षण खेळले. तीनदा हूल दिली, तिन्ही वेळा ढीग ओढला आणि अडकित्ता एकदाही मागितला नाही. अण्णांचा खेळ सुधारला, म्हणून घरात मोठा हशा झाला.

जेवणानंतर बातम्या लागल्या की मनगटावरचे घड्याळ काढून त्याला किल्ली द्यायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. त्या रात्री घड्याळ रेडिओशेजारी तसेच पडून राहिले. आईने ते पाहिले. हे सारे तिने पुढे बऱ्याच वर्षांनी आम्हांला सांगितले, म्हणून ठाऊक. तिने तेव्हा कोणासमोर काही म्हटले नाही, काही तर्कही केला नाही. निजानीज झाल्यावर तिने घड्याळ त्यांच्या हातात दिले आणि विचारले, ‘अहो, आज किल्ली द्यायची राहिली. काय झालंय?’

ते बराच वेळ घड्याळाला किल्ली देत राहिले. मग म्हणाले, ‘घशात गाठ आहे. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत बोलणार नव्हतो.’

परीक्षांची वाट पाहणे आईने त्या रात्रीच मोडीत काढले. पंधरा दिवसांच्या आत मुंबईस शस्त्रक्रिया झाली. उशीर केला असता तर आवाज बहुधा पूर्ण गेला असता, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. आवाज घोगरा झाला तो कायमचा. पण त्या घोगऱ्या आवाजात अण्णा पुढे अकरा वर्षे अडकित्ता मागत होते.

आईने पोकरचे नावही ऐकले नव्हते. पण अनुभवी खेळाडू सांगतात तेच तिने केले होते. चाहूल घ्यायची तर आधी त्या माणसाचे नेहमीचे वागणे ठाऊक हवे, आणि ते तो डावात नसताना पाहून ठेवावे लागते. घामाला, कंपाला, नजर चुकवण्याला स्वतंत्र अर्थ नाही. नेहमीपेक्षा काय निराळे झाले, याला अर्थ आहे. म्हणूनच परक्याच्या चेहऱ्यावरून निदान करणारा बहुधा चुकतो आणि घरचे माणूस न थांबलेल्या घड्याळावरूनही ओळखते. तेही ओळखते ते एवढेच, की काहीतरी झाले आहे. त्यापुढचे कळण्यास विचारावे लागते.

फारहानेही विचारले होते. पण तेथे उत्तर न देणे हाच मनीमेकरचा धर्म होता; उत्तर दिले असते तर तो हरला असता. घरात समोरच्याने उत्तर दिले तर कोणीच हरत नाही. मात्र प्रश्न एकांतात विचारावा, आरोपाच्या सुराने विचारू नये आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी. अण्णांना त्या रात्री उत्तर देण्यास घड्याळाची सबंध किल्ली भरेपर्यंत वेळ लागला होता, आणि आई तेवढा वेळ गप्प बसून होती.